ज्या घरच्या करंज्या

माझ्या भाचीनं यंदा घरच्या मोबाईल ग्रुपवर एक टूम काढली. नाताळ येईपर्यंत रोज एकानं आपला आवडता पिक्चर सांगायचा. सांगायचा म्हणजे काय, तर नाव टाकायचं, खाली दोन ओळी खरडायच्या आणि बाकीच्यांनी त्यावर लाल बदाम टाकायचे. कुणी बेंगळूरहून टाकतंय, कुणी पुण्याहून, आणि सगळ्यांना वाटतंय की जगात हे पहिल्यांदा आपणच करतोय. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू, थोडा रागही आला. अगं बाई, तू जन्मायच्या कितीतरी आधी बीदरला मैलूरच्या आमच्या गल्लीत हेच चालायचं, आणि आमच्याकडं तर दाखवायला पडदा नव्हता की टीव्ही नव्हता. माझी पाळी आली तेव्हा मी पिक्चरचं नाव टाकलं, पण दोन ओळीत माझं भागेना. म्हणून इथं सविस्तर लिहायलेय. कंटाळा येईल त्यानं खुशाल पान उलटावं.

आमचं घर गल्लीच्या टोकाला, पुढं फरशीचं अंगण, अंगणात एक बाज आणि बाजेखाली कोंबडी. अप्पा मूळचे दुबलगुंडीचे, बीदरात प्राथमिक शाळेवर मास्तर. डिसेंबर लागला की ते बांबूच्या काड्यांची चांदणी बांधायला घ्यायचे. आई ताटलीत कणकेची खळ शिजवायची, मी पतंगाचा कागद कापायची, आणि चांदणी उंच काठीवर चढली की ती वाऱ्यानं नाताळापर्यंत फडफडत राहायची. कागद रोज कुठंतरी फाटायचा आणि अप्पा रोज तो चिकटवत बसायचे. घरात आम्ही मराठी बोलायचो, चर्चमधली प्रार्थना कानडीत असायची, बाजारात दख्खनी चालायची, आणि भांडण लागलं की तिन्ही भाषा एकदम बाहेर पडायच्या. पाळण्यात माझा भाऊ कुरकुरायचा, त्यावर आईचं गुणगुणणं, आणि या सगळ्याच्या मागं दिवसभर मार्थाआत्याच्या शिलाई मशीनची खडखड. गल्लीतल्या पोरींचे नाताळाचे झगे तीच शिवायची. आजही कुठं पायमशीन चालू असली की माझी पावलं तिथं थांबतात.

नाताळाच्या करंज्या एकट्या बाईचं काम नव्हे. डब्बेच्या डब्बे भरायचे, नातेवाईक यायचे, शेजारीपाजारी ताटं जायची. म्हणून गल्लीत पाळी होती. आज या घरी, उद्या त्या घरी, सगळ्या बायका पोळपाट-लाटणं घेऊन तिथं जमायच्या. कुणी खोबरं किसायची, कुणी खसखस भाजायची, कुणी पाऱ्या लाटायची, माझ्या हाती कडा कापायचं कातण यायचं. भरलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायच्या आणि करडीच्या तेलात तळायच्या. त्या तेलाचा वास मला आजही सेंटाहून बरा वाटतो. हात गुंतलेले, तोंडं मोकळी. मग ज्या घरची पाळी त्या घरच्या बाईनं आपला आवडता पिक्चर सांगायचा. नुसतं नाव न्हाई हो! पहिल्या पाटीपासून शेवटच्या रडारडीपर्यंत, गाण्यासकट, मारामारीसकट. गल्लीतल्या निम्म्या बायकांनी जन्मात टॉकीज बघितली नव्हती. पण पिक्चर त्यांना आमच्याहून जास्त पाठ होते.

गुरम्माकाकू आमच्या शेजारची, लिंगायताची, घरचं तेलाचं दुकान. तिच्या घरी नाताळ नव्हता, पण दिवाळीला आमच्या बायका तिच्याकडं लाटायला जायच्या, म्हणून नाताळात तिचीही पाळी असायची. काकूचं एक होतं, तिला पिक्चरमधलं मरण सोसायचं नाही. एकदा ती सांगत होती त्या पिक्चरमध्ये हिरोची आई गोळी लागून मरते, हे माझ्या आईला माहीत होतं. काकूनं मात्र त्या म्हातारीला दवाखान्यात नेलं, बरं केलं, आणि लेकाच्या लग्नात जेवायला बसवलं. आई लाटणं थांबवून म्हणाली, "अवं काकू, ती मरती की!" काकूनं सारण भरता भरता मान सुद्धा वर केली नाही. म्हणाली, "तुज्या घरी मरू दी. माज्या घरी सणाचं कुनी मरनार न्हाई. ज्या घरच्या करंज्या, त्या घरचा शेवट." त्या दिवसापासून गल्लीत तो कायदाच झाला. कुणी कसाही शेवट केला तरी मध्ये तोंड घालायचं नाही.

आता या मजेत मिठाचा खडा होता दावीदप्पा. हा आमच्या चर्चचा पंच. पांढरं धोतर, काळा कोट, कोटाच्या खिशात फणी. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, बिचारे भले आणि मवाळ, त्यामुळं सगळा कारभार या गड्याच्या हाती. पिक्चर म्हणजे सैतानाचा दिवा, असं त्याचं म्हणणं. कुणाची लेक टॉकीजच्या रांगेत दिसली की रविवारी चर्चच्या भक्तीत सगळ्यांसमोर तिला उभं करायचा. मलाही केलं होतं. माझ्यासोबत एक मैत्रीण होती, ती रडली, मी रडले नाही. मी समोर त्याच्या कोटाच्या बटणांकडं बघत उभी राहिले आणि मनात त्याच पिक्चरमधलं गाणं म्हणत राहिले. आईनं घरी आल्यावर विचारलं, "लाज न्हाई वाटली व्हय गं?" मी म्हटलं, "न्हाई." खरंच वाटली नव्हती. आजही वाटत नाही.

मार्थाआत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण. चिटगुप्प्याला दिली होती, सामवेल म्हणून एकाला, गोरापान, गोडबोल्या, बाजारात सगळ्यांना रामराम-सलाम करणारा. घरात मात्र त्याचा हात चालायचा. एकदा असा चालला की आत्याच्या डाव्या कानाचं ऐकणंच गेलं. तेव्हापासून कुणी बोलायला लागलं की ती मान वळवून उजवा कान पुढं करायची. त्यानं तिची मशीनही विकून टाकली तेव्हा मात्र ती नेसत्या लुगड्यानिशी आमच्याकडं आली. अप्पांनी काही न बोलता आठवड्याच्या आत तिला जुनी मशीन आणून दिली. अप्पा असेच होते, करायचे पण बोलायचे नाहीत. आणि पंचासमोर तर त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघायचं, "पंच म्हणतील तसं."

पंच काय म्हणणार ते ठरलेलंच होतं. नाताळाला मोडलेली घरं जोडायची, हा दावीदप्पाचा दरवर्षीचा कार्यक्रम. त्या वर्षी त्यानं आत्याचं घर जोडायला घेतलं. नाताळाच्या भक्तीत नवरा-बायकोनं एका बाकावर बसायचं, पाळकसाहेबांनी आशीर्वाद द्यायचा, आणि आत्यानं तिथूनच चिटगुप्प्याची वाट धरायची. अप्पांना विचारलं तर अप्पांनी खाली बघून तेच सांगितलं, पंच म्हणतील तसं. आत्यानं ऐकलं आणि मशीन चालवायला घेतली. त्या आठवड्यात ती मशीन इतकी पळवायची की सुई तुटायची. मी तिच्या पायाशी बसून विचारलं, "आत्या, तू जायलीस व्हय?" ती म्हणाली, "मला कुनी इचारलंय व्हय गं, लिद्दी?" लीदिया माझं नाव, घरात लिद्दी. मी पोर होते, पण एवढं मला कळत होतं की ती परत गेली तर दुसरा कानही जाईल. किंवा सगळीच जाईल.

आमच्या घरची पाळी सगळ्यात शेवटी, नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारी, कारण संध्याकाळी चर्चला जायचं असे. अंगणात बायका बसल्या, फडकी भिजली, तेल तापलं. अप्पा भिंतीला टेकून चांदणी मांडीवर घेऊन फाटलेली पाकळी चिकटवत होते. एवढ्यात फाटकातून दावीदप्पा, आणि मागं सामवेल. सामवेलच्या हातात मिठाईचा पुडा, तोंडावर हसू. बाजेवर दोघं ऐसपैस बसले, तशी कोंबडी खालून ओरडत पळाली.

"मार्था, हात धू आता," दावीदप्पा म्हणाला. "तुजं गाठोडं बांधून ठेव. उद्या भक्तीहून सरळ निघायचं."

आत्यानं मान वळवली, उजवा कान पुढं केला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आज आमच्या घरची पाळी हाय, पंचसाहेब. हातातलं टाकून कसं उठू?"

"करा की, करा," तो म्हणाला. मोठं मन दाखवायची त्याला हौस होतीच. "आमी बसतो. च्या आणा."

आईनं चहा दिला. पंचासमोर पिक्चर कोण सांगणार? पण गुरम्माकाकू आमच्या चर्चची नव्हती आणि तिला दावीदप्पाची काडीची भीती नव्हती. तिनं पारी तळहातावर घेतली आणि म्हणाली, "मग सांग की गं मार्था. तुजी पाळी हाय न्हवं?"

"काय सांगतीया?" दावीदप्पानं विचारलं.

"गोष्ट हो," काकू म्हणाली. "एका बाईची गोष्ट. हात चालत्यात तवर ऐकायची."

आत्यानं सांगायला सुरुवात केली. लाकडाच्या वखारीचा मालक, त्याची बायको, बायको सुंदर आणि गाणारी, वखारीतला गरीब कारकून. दोन वाक्यं झाली आणि आई, मी, सगळ्यांनी ओळखलं. तो पिक्चर गावभर गाजला होता. टॉकीजमध्ये बायका पदर पिळून बाहेर पडायच्या असला तो पिक्चर. (नाव इथं लिहीत नाही. पिक्चरवाल्यांशी माझं भांडण नाही.) सामवेलनं तर तो आत्याला लग्न झाल्या झाल्या हुमनाबादला नेऊन मुद्दाम दाखवला होता, अप्पाही पाव्हणे म्हणून सोबत होते. "बग, बायकू कशी असावी," असं तो टॉकीजबाहेर सगळ्यांसमोर म्हणाला होता, हे आत्यानं मला नंतर सांगितलं. बाजेवर त्याची चुळबुळ सुरू झाली, पण बोलणार काय? गोष्टच तर चालली होती.

आत्या काय सांगायची हो! आवाज चढवायची नाही, पण लाटण्याचा ठेका धरायची. नवऱ्याला संशय येतो. तो तिला विचारतो. ती उलट एक शब्द बोलते आणि तो तिच्या कानाखाली वाजवतो. इथं आत्याचं लाटणं थांबलं. "या ठिकाणी लोकं टाळ्या वाजवत्यात," ती म्हणाली. "माज्या शेजारच्यानंबी वाजविल्या हुत्या." तिनं सगळ्यांकडं एकदा बघितलं. सामवेल चहाच्या कपात बघत होता. मग लाटणं पुन्हा चालू झालं. बाई घराबाहेर पडते, तान्ह्या लेकीला पाठीशी बांधून लोकांचे कपडे शिवते. इकडं नवऱ्याचे डोळे जातात, वखार जळते, नोकरचाकर पळतात. मग तीच बाई आवाज बदलून, नाव बदलून त्याची शुश्रूषा करायला येते. दावीदप्पाचा चहा बशीत तसाच गार झाला. त्यानं कोटाच्या बाहीनं डोळे पुसलेले मी या डोळ्यांनी बघितले.

"मग त्येचे डोळे बरे झाले," आत्या म्हणाली. "पट्टी सुटली, आन समोर त्येची बायकू. त्यो दारात उबा राहिला, दोनी हात पसरले, मनला, ये, घरात ये. लेक आईच्या तोंडाकडं बगायलीय. बाईनं उंबऱ्याकडं बगितलं. लई येळ बगितलं. मग मनली, तुजे डोळे आले, बरं झालं. आता तू तुजं बग, मी माजं बगते. आन लेकीचं बोट धरून ती गेली. तिच्या मशीनवर कुनाचा तरी झगा अर्धा ऱ्हायला हुता. झाली गोष्ट."

माझ्या हातातलं कातण जागच्या जागी राहिलं.

"हॅट्!" दावीदप्पा बाजेवरून अर्धा उठला. "असं कुटं हाय! ती आत येती! उंबऱ्यावर त्येच्या पाया पडती, त्यो तिला उटवतो, मागं घंटा वाजत्यात, आन मग लाल साडी नेसून ती..."

तो थांबला. फार उशिरा थांबला.

गुरम्माकाकूनं करंजी फडक्याखाली सरकवली, हात झटकले आणि अगदी शांतपणे विचारलं, "पंचसाहेब, साडी लाल हाय हे तुमाला कसं कळलं? मार्थानं तर साडीचं नावबी काडलं न्हाई."

"ते... कुनीतरी सांगितलं."

"व्हय का? घंटेसकट सांगितलं? कवा बगितलाव हो, आमालाबी सांगा की!"

आईनं तोंडात पदर कोंबला, तरी हसू नाकातून फुटलंच. मग एकेक करून सगळं अंगण फुटलं. पाळण्यातला भाऊ दचकून रडायला लागला. मी तर मुद्दाम मोठ्यानं हसले. रविवारी उभं केलं होतं ना मला? घे आता! दावीदप्पा कोटाची बटणं चाचपत होता, जणू एखादं गळून पडलंय.

सामवेल मात्र हसला नाही. त्याचं ते गोड तोंड एकाएकी गेलं आणि खालचं खरं तोंड वर आलं. "बास झाली थट्टा," तो अप्पांना म्हणाला. "पावणं, तुमी सांगा. आपन मिळून बगितला की न्हाई पिच्चर? शेवटी ती येती का न्हाई? सांगा तुमच्या भनीला."

सगळ्या बायका अप्पांकडं बघायला लागल्या. आत्यानंही मान वळवली आणि उजवा कान भावाकडं केला. मला वाटलं, झालं. आता अप्पा खाली बघणार आणि म्हणणार, पंच म्हणतील तसं. अप्पांनी खाली बघितलंच. चांदणीच्या पाकळीवर अंगठा दाबून धरला, खळ चिकटेपर्यंत. मग वर बघून म्हणाले,

"बगितलाय की. मार्था सांगायलीय तसाच हाय. ती जाती."

"खोटं बोलायलाव! देवाच्या सणाला खोटं बोलायलाव!"

"दाजी," अप्पा उठले, चांदणी हळूच भिंतीला लावून ठेवली, "ज्या घरच्या करंज्या, त्या घरचा शेवट. च्या झाला असंल तर निगा. उनं हायती तवर चिटगुप्प्याची गाडी मिळंल."

माझ्या बापाला मी आयुष्यात इतकं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. सामवेलनं पुडा उचलला, परत ठेवला, परत उचलला आणि गेला. दावीदप्पा त्याच्या मागून. आत्या रडली वगैरे नाही. तिनं गाठोडं बांधलं नव्हतंच, सोडायचंही काही नव्हतं. ती कढईपाशी बसली आणि पहिला घाणा तळला, आणि गुरम्माकाकूला सांगितलं, "काकू, तुमच्यासाटी येगळ्या काडल्यात, घेऊन जा." अप्पांनी चांदणी काठीवर चढवली. मला त्या दिवशीच्या करंज्यांची चव विचाराल तर सांगता येणार नाही, मी इतक्या खाल्ल्या की संध्याकाळी चर्चमध्ये पोट धरून बसले.

फुकट काही झालं नाही. त्या नाताळात गायनाच्या चमूतून आईला वगळलं, पुढं किती तरी दिवस पंचाच्या घरचं बोलावणं आम्हाला आलं नाही, आणि "नांदायला न गेलेली" हे आत्याच्या पाठीला कायमचं चिकटलं. चिकटू दे! आत्यानं मैलूरमध्येच दुकान टाकलं, म्हातारपणापर्यंत झगे शिवले, माझ्या लग्नाचा शालूसुद्धा तिनंच पिको केला. उजवा कान तिचा शेवटपर्यंत शाबूत होता. आणि दावीदप्पानं परत कुठल्याही पोरीला पिक्चरसाठी भक्तीत उभं केलं नाही. करणार कसा? बाकावरून कुणी तरी "लाल साडी" म्हणून कुजबुजलं असतं. बहुतेक मीच.

तर मी ग्रुपवर त्या पिक्चरचं नाव टाकलं, आणि शेवट लिहिला, ती जाते. दुसऱ्या दिवशी भाचीचा मेसेज आला. "आत्या, मी तो पिक्चर शोधून बघितला. शेवटी ती परत घरात जाते की! लाल साडी, घंटा, सगळं आहे. तू कुठला बघितलास?"

मी चष्मा पुसला आणि एका बोटानं सावकाश टाईप केलं, "तू बघितलास तो चुकलेला आहे. खरा शेवट तुझ्या आजोबांनी स्वतः बघितलाय. ती जाते."